फराहबागेतलं पाणी

आधीच सांगून ठेवते, हे वाचून मला कुणी कुठल्या बाबाचा पत्ता पाठवायचा नाही. मी सावेडीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर रक्ताच्या नळ्या आणि रिपोर्ट. करणी, बाहेरचं, नजर वगैरे घरात कुणी बोलायला लागलं की मी उठून आत जाते. आजही जाते. तरीही लिहितेय, कारण जे झालं ते माझ्याच पायांना झालं.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. मला बघायला निखिल, त्याचे आई-वडील आणि आत्या आले होते. मूळचे श्रीगोंद्याकडचे, मुलगा पुण्यात नोकरीला. पोहे झाले, चहा झाला, मग नेहमीचं वाक्य आलं - "मुला-मुलीला जरा बोलू द्या." आमच्याकडे हल्ली याचा अर्थ असा की सगळं घर गाडीत बसून दोघांच्या मागे फिरायला निघतं. नगरला आलेल्या पाहुण्यांना (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय) पप्पा चांदबिबीच्या महालावर नेतातच. आत्याबाईंचे गुडघे दुखत होते, डोंगर नको म्हणाल्या. म्हणून फराहबाग.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सोलापूर रस्त्याच्या बाजूला निजामशाहीतला हा महाल आहे, मोठ्या तलावाच्या अगदी मधोमध बांधलेला. तेव्हा खापरी नळांनी लांबून पाणी आणून तो तलाव भरत. आता तळ पूर्ण कोरडा. वाळलेलं गवत, काटेरी झुडपं, चरणाऱ्या शेळ्या. महालाचा गिलावा पडलाय, पण मधल्या उंच दालनात भर उन्हातही गार वाटतं.

मोठी माणसं गाडीपाशी सावलीला थांबली. मी आणि निखिल महाल बघून आलो आणि तलावाच्या तळातून गाडीकडे परत निघालो. दुपारचे चार वाजले असतील. आणि खरं सांगायचं तर मला तो आवडला होता. फुशारकी नव्हती त्याच्यात. पुण्यात एकटा राहतो, भाजी बरी जमते पण पोळीचा नकाशा होतो, असं काहीतरी सांगत होता. मी मनातल्या मनात हो म्हणून मोकळी झाले होते.

तो वाक्याच्या मध्येच थांबला. त्याच क्षणी माझ्या घोट्यांना गार लागलं. मग पोटऱ्यांना. खाली बघितलं तर गवत, माती, शेळ्यांच्या लेंड्या... सगळं कोरडं ठाक. पण पाय पुढे टाकायला जोर लागत होता. ओढ्यातून चालताना लागतो ना, तसा. शेजारी निखिलही पाय उचलून उचलून टाकत होता. त्याच्या बुटांतून पचक पचक आवाज येत होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तो एवढंच म्हणाला, "चला पटकन."

काठाच्या चढाला लागलो आणि पाय हलके झाले. माझी अबोली रंगाची सलवार गुडघ्यापर्यंत भिजून पायाला चिकटली होती. वर एकही थेंब नाही. दोन्ही पायांवर एकाच उंचीची सरळ रेघ.

"बाटली सांडली का गं?" पप्पांनी विचारलं.

"नाही पप्पा."

आत्याबाई वाकून बघत होत्या. "बाटलीनं अशी रेघ येती व्हय? पान्यात हुबी ऱ्हायल्यागत भिजलीय पोरगी. आन् पानी तर कुटंच न्हाई."

मी निखिलकडे बघितलं. आता हा सांगेल, असं मला वाटलं. त्याची जीन्स काळी होती, ओल दिसत नव्हती. तो पुढच्या सीटवर जाऊन बसला आणि पाय आत ओढून घेतले.

घरी आल्यावर आत्याबाईंनी विषय काढलाच. "पोरगी लई चांगली हाय. पन तिला भाईरचं लागलंय. गावाकडं आमचा मानूस हाय, त्याच्याकडनं उतारा करून घिऊ. मंग पुढचं बोलू."

पप्पांना हे स्थळ सोडायचं नव्हतं. ते हळूच मला म्हणाले, "नारळ-लिंबाचाच तर प्रश्न आहे. करून टाकू की."

"मी करणार नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "आणि मी एकटी भिजले नाहीये. निखिल, तुम्ही सांगताय ना?"

त्याने मोबाईलमधून मान वर केली. "काय?"

मी दारात गेले. त्याचा एक बूट उचलून आणला आणि सगळ्यांसमोर हॉलच्या फरशीवर उलटा केला. आत कोंबलेला मोजा पडला आणि त्यामागून पाण्याची धार. आईने कपाळाला हात लावला. निखिलचे वडील त्या पाण्याकडे बघतच राहिले.

"मला वाटलं, कशाला विषय वाढवायचा," निखिल पुटपुटला.

"मंग तर झालंच," आत्याबाई म्हणाल्या. "हिच्यामुळंच भिजला की त्यो."

त्या तलावात मी घाबरले होते, मान्य करते. पण आत्याबाईंच्या या बोलण्यावरही तो खाली मान घालून गप्प बसला, तेव्हा मला भयंकर संताप आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. मी बूट त्याच्या पायाशी ठेवला आणि म्हटलं, "आमच्याकडून नकार समजा."

ते गेल्यावर आईने फरशी पुसली. फडक्याला शेवाळाचा वास येत होता.

पुढच्या रविवारी मी आणि पप्पा परत तिथे गेलो. सगळा तळ पालथा घातला. फुटलेली पाइपलाइन नाही, झरा नाही, चिखल नाही. आमच्या चपलांना फक्त धूळ लागली. मला काही भास झाला म्हणावं, तर त्याच्या बुटातून पाणी कसं आलं? ते लोक गेले त्याच रात्री निखिलचा मेसेज आला होता - "तुम्हालाही गार लागलं होतं ना?" मी विचारलं, "हे घरात का नाही बोललात?" त्याने ते वाचलं. उत्तर अजून आलेलं नाही.

त्या पाण्याचं काय, मला आजही सांगता येत नाही. ज्यांना येतं त्यांनी खुशाल सांगावं, फक्त नारळाशिवाय.

पप्पा मात्र बदललेत. परवा एका नव्या स्थळाचा फोन होता. शिक्षण, नोकरी, उंची सगळं सांगून झाल्यावर पप्पा म्हणाले, "आणखी एक. आमची मुलगी फराहबागेच्या कोरड्या तलावात गुडघ्यापर्यंत भिजलीये. का, ते आम्हाला माहीत नाही. उतारा केलेला नाही, करणारही नाही. चालत असेल तर या, पोहे करतो."

पलीकडून फोन ठेवला गेला. पप्पा म्हणाले, "बरं झालं. पोहे वाचले."