उगवतीचे देऊळ, मावळतीचे देऊळ

फिरकीच्या तांब्याचे झाकण ज्याने प्रथम घडवले, त्याने प्रवासी जातीवर कोणत्या जन्मीचा सूड उगवला, याची एकदा चौकशी झाली पाहिजे. तांब्या राहतो, पाणीसुद्धा निम्मेअर्धे राहते; झाकण तेवढे जाते. आजवर माझी पाच झाकणे गेली. तांबट सुटे झाकण विकत नाही, नवा तांब्याच घ्या म्हणतो. त्यामुळे आमच्या घरी सहा तांबे आणि एक झाकण असा संसार आहे. या अन्यायावर मी एक लेख संपादकांकडे धाडला होता. तो त्यांनी परत केला आणि त्यापेक्षा एखाद्या प्रवासाचे लिहा, म्हणून सुचवले. तेव्हा ज्या प्रवासात चौथे झाकण गेले, त्याविषयी लिहितो.

लढाई सुरू होण्याच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. मी अकोल्याच्या शाळेत संस्कृत शिकवतो. दाविद नावाचा माझा जुना विद्यार्थी तेव्हा वाशीमकडच्या एका खेड्यात मिशनचा उपदेशक आणि शाळामास्तर होता. त्याचे पत्र आले. खेडे लहान, ख्रिस्ती घरे जेमतेम सोळा, आणि देवळे दोन. (तिकडची मंडळी चर्चला देऊळच म्हणतात, मीही तसेच म्हणेन.) मिशनच्या कमिटीने ठरवले होते की यापुढे एकच देऊळ राखायचे. जे आधीचे असेल ते ठेवायचे आणि दुसऱ्याचे दार, तुळया, कौले उतरवून त्याची डागडुजी करायची. पण आधीचे कोणते? जुने कागद वाळवीने कधीच वाचून संपवले होते, आणि दोन्हीकडचे लोक आपलेच पहिले म्हणून शपथेवर सांगत होते. दाविदने लिहिले होते, "सर, तुम्ही कोणत्याच देवळाचे नाही. तुमचा शब्द दोघेही मानतील, कमिटीही मानेल."

माझ्या संस्कृताला इतकी मागणी वीस वर्षांत आली नव्हती. संक्रांतीपूर्वी दोन दिवसांची रजा काढली.

जाणाऱ्यांसाठी माहिती: अकोल्याहून सकाळची छोटी गाडी धरावी आणि उजव्या खिडकीशी बसावे. बार्शीटाकळी सुटली की गाडी चढणीला लागते आणि इतकी सावकाश चालते की बाहेरच्या गुराख्याशी दोन वाक्ये बोलून होतात. जऊळक्याला उतरावे. स्टेशनाबाहेर भजी मिळतात. ती गरम असेपर्यंत चांगली असतात, पुढची जबाबदारी आपली. बायकोने दशम्या बांधून दिल्या होत्या, तरी चहा मी दुकानातलाच घेतला. पुढे दमणी करावी लागते. भाडे चढण्यापूर्वी ठरवावे. चढल्यावर बैलांसकट सगळे गाडीवानाच्या बाजूचे होतात.

गणपत गाडीवानाने विचारले, "देवळाच्या कामाले चालले का? कोनच्या?"

"दोन्ही."

"मंग भांडन पाह्याले चालले म्हना ना सरळ."

दीड तासाच्या रस्त्यात त्याने मला सारा खटला समजावला. गावकुसाबाहेर ख्रिस्ती वस्ती आहे आणि तिच्यामधून नाला जातो. पावसाळ्यात तो ओलांडता येत नाही, म्हणून दोन्ही काठांवर एकेक देऊळ झाले. कमिटी पाहणीला आली ती उन्हाळ्यात, तेव्हा नाला तिच्या लक्षात आला नाही.

दोन्ही देवळे एकाच मिस्त्रीने, मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षांत, पाठोपाठ बांधली. मिस्त्री वाशीमचा मुसलमान, मशिदी बांधण्यात हात बसलेला. एका देवळाच्या वेळी गोरा साहेब स्वतः उभा होता, त्यामुळे वेदी पूर्वेला आली. दुसऱ्याच्या वेळी साहेब तापाने अंथरुणाला खिळला होता. तो उठून पाहतो तो वेदीची भिंत पश्चिमेला आणि तिच्यात कमानीचा सुबक कोनाडा, मशिदीत असतो तसा. साहेबाने जाब विचारला, तेव्हा मिस्त्री म्हणाला म्हणे, "हुजूर, खुदा के घर का रुख तो इधर ही होता है." भिंत पाडण्याची ताकद साहेबात उरली नव्हती. कोनाड्यात दिवा ठेवू लागले, तो अजून ठेवतात. तेव्हापासून एका काठाचे लोक उगवतीचे आणि दुसऱ्याचे मावळतीचे.

दाविदने मला दोन्हीकडे नेले. तो सकाळची उपासना उगवतीला घेई आणि संध्याकाळची मावळतीला. दोन्ही देवळांत वेदीवर एकेक झरोका आहे, त्यामुळे दोन्ही वेळा सूर्य मंडळींच्या डोळ्यांत येतो. सगळ्यांचे डोळे मिटलेले पाहून मी आधी त्याचे सारे श्रेय भक्तीला दिले होते.

मग साक्षी झाल्या. उगवतीच्या पंचांचे म्हणणे असे, की पहिले देऊळ साहेब मन लावून बांधून घेणारच. हलगर्जी दुसऱ्या वेळी होते. मावळतीच्या पंचांचे म्हणणे, "चूक आधी होते गुरुजी, सुधारना मागून येते. तुमी शाळेत हेच पाह्यता ना?" दोन्ही युक्तिवाद निर्दोष होते. न्यायशास्त्रात अनुमान आणि प्रत्यक्ष अशी वेगवेगळी प्रमाणे सांगितली आहेत. त्या गावात अनुमानाचा सुकाळ होता. प्रत्यक्ष पाहणारी माणसे मानमोडीच्या साथीत गेली होती. एक तेवढी उरली होती, राहेलबाई, आणि तिला काही आठवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेलो. साठीला टेकलेली, काटक बाई. दुष्काळात मिशनच्या आसऱ्याला आली आणि दोन्ही बांधकामांवर राबली. सुपात तुरीच्या शेंगा घेऊन सोलत बसली होती. दाविदने प्रश्न विचारला, तिने मान हलवली. आठवत नाही. मग दाविद शाळेकडे गेला आणि आम्ही इकडचे तिकडचे बोलत बसलो.

या बाईला आठवत नव्हते म्हणजे काय काय आठवत होते, ते ऐका. दुष्काळात वाटलेल्या कांजीची चव. चुन्याच्या घाणीला जुंपलेल्या रेड्याचे नाव. मडमबाईच्या झग्याची बटणे किती आणि त्यांतले कोणते तुटले होते. मी वही काढून लिहीत गेलो. बोलता बोलता ती स्वतःच्या टाचांकडे पाहत म्हणाली, "ह्या भेगा तवाच्या हायेत. पयल्या देवळाचा चुना उरला होता. तो फेकते का कोनी? मी आन् मार्था, दोघीयनं टोपल्यायनं नाल्यातून नेला दुसऱ्याले."

आणि कोणत्या काठावरून कोणत्या काठावर नेला, तेही ती बोलून गेली. हातांनी दाखवलेसुद्धा.

माझी लेखणी थांबली. तिचे हातही थांबले. तिने माझ्या वहीकडे पाहिले.

"गुरुजी, तुमची आठवन कशी हाय?"

मी म्हणालो, "वाईट. काल तांब्याचे झाकण कुठे ठेवले, ते आज सांगता येत नाही."

"मंग बरं हाय." तिने पुन्हा शेंग उचलली. "लेक म्या उगवतीले देली. पोरगा मावळतीले राह्यते. मी एक भाकर इकडं खाते, एक तिकडं. मले आठवलं त एकीकडचा दिवा इझन. म्हनून इसरून राह्यली मी, इतके वर्सं."

"मी लिहीत नाही," मी म्हणालो आणि वही मिटली.

"मी हाय तवर नका लिवू," ती म्हणाली. मग तिने मला जेवायला वाढले: ज्वारीची भाकर आणि तुरीच्या हिरव्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची, झणझणीत भाजी. दशम्या मी परतीच्या वाटेवर गणपतला दिल्या. कोणी हिवाळ्यात त्या बाजूला गेलेच, तर सोल्यांची भाजी चुकवू नये.

घरी आल्यावर बायकोने आधी झाकण विचारले. मी कमिटीला चार ओळींचे पत्र लिहिले: निर्णय करण्याइतका पुरावा आढळला नाही. पुढे लढाई लागली, साहेब लोक परत गेले, कमिटी मोडली. दोन्ही देवळे उभी राहिली. तीस वर्षे मुलांना खरे बोलावे म्हणून शिकवलेल्या माणसाला त्या चार ओळींची आजवर फारशी लाज वाटली नाही, हेही नमूद करतो.

खरे तर हा लेख इथे संपायचा. पण यंदाच्या पावसाळ्यानंतर दाविदचे पत्र आले. राहेलबाई वारल्या. दोन्ही देवळांची छपरे खचली आहेत आणि मिळून एकच नीट करण्याइतके बळ गावात आहे. या वेळी भांडण नाही. नाल्यावर सरकारी फरशीपूल झाला आहे, येजा बारमाही असते. जे पहिले असेल ते नीट करू, असे दोन्ही काठांनी एकत्र बसून ठरवले. पहिले कोणते, हे राहेलबाई जाता जाता सांगतील म्हणून लेक आणि पोरगा दोघेही उशाशी बसले होते. राहेलबाई एवढेच म्हणाल्या, "गुरुजीले ठावं हाय. आता सांगतीन ते."

मी वही काढली. कांजी आहे, रेड्याचे नाव आहे, बटणे आहेत. चुना कोणत्या काठावरून निघाला ते नाही, कारण मी शब्द पाळला होता. डोळे मिटून पाहतो. ती बसलेली दिसते, सूप दिसते, टाचा दिसतात. हात उचलते, तेही दिसते. हात कुठून कुठे गेले, ते दिसत नाही. कधी वाटते उगवतीकडून, कधी वाटते मावळतीकडून, आणि दोन्ही वेळा खात्री वाटते.

दाविदला अजून उत्तर लिहिलेले नाही. आठवत नाही म्हणून कळवले, तर गाव समजेल की गुरुजींनी राहेलबाईचीच रीत उचलली.

झाकणांची तक्रार वर केली ती थट्टेने. पण गेल्या महिन्यात शाळेतून घरी येताना मी आमची गल्ली ओलांडून पुढे गेलो आणि आपले घर कोणत्या बाजूला, हे काही वेळ मला सुचले नाही. माझ्या वडिलांचेही असेच सुरू झाले होते. हे घरी कोणाला सांगितलेले नाही. आमच्याकडे हे साप्ताहिक शेवटच्या पानापर्यंत वाचतात, तेव्हा आता कळेल.