पातळ पत्र्याचे टाके

गल्लीतले लोक तिला शिवणवाल्या ताई म्हणायचे. पुढच्या खोलीत दोन शिलाई मशिनं, एक कापायचं टेबल आणि भिंतीवर खिळ्यांना लटकवलेले कागदी नमुने. अठ्ठावन्न वर्षांतली चाळीस तिने या खोलीत काढली होती. लग्नाचं जमलं नाही. का जमलं नाही असं विचारणारे एकेक करून गेले, आणि मग तो विषयच मिटला.

घराला लागून पत्र्याची शेड होती. त्यात वडिलांची गाडी उभी होती. फिकट हिरव्या रंगाची, गोल दिव्यांची. वडील गेल्यावर ती आत लागली ती लागलीच. तिचा मोठा भाऊ, दादा, दर वर्षी येऊन बॉनेटवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "रिटायर होऊ दे, मग हिला नवीन करतो की नाही बघ." त्याचं म्हणणं कुणी हसण्यावारी नेलं नाही, कारण दादा वेल्डर होता. बॉयलरच्या कारखान्यात छत्तीस वर्षं. त्याचा जोड फुटला असं ऐकिवात नव्हतं.

पण रिटायर व्हायला दोन वर्षं उरली असताना त्याचे डोळे गेले. पूर्ण गेले नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं की आतला पडदा मधोमध जळलाय. कडेकडेचं दिसेल, समोरचं दिसणार नाही. चष्म्याने उपयोग नाही, ऑपरेशनने नाही. त्यानंतर वर्षभरात वहिनी गेली आणि ताईने त्याला सामानासकट आपल्याकडे आणलं.

"तुझे कान दिसतात बघ मला," तो तिला म्हणायचा. "तोंड काही दिसत नाही. तसं ते पाठच आहे म्हणा."

"बरंय. म्हातारी झालेय ते तुला कळायला नको."

असे चार-सहा महिने गेले. दादा सकाळी चहा घ्यायचा, शेडमध्ये खुर्ची टाकून बसायचा आणि गाडीवरून हात फिरवायचा. कुठे पत्रा शाबूत आहे, कुठे गंजाने पापुद्रे सुटलेत, हे बोटांनी वाचत राहायचा. खालचा पत्रा तर इतका खाल्लेला होता की पुढची सीट काढली तर जमीन दिसायची.

एका दुपारी ताई एका गिऱ्हाइकाच्या लोकरी कोटाला अस्तर लावत बसली होती. जळका वास आला. आधी तिला वाटलं इस्त्री राहिली. मग शेडमधून दादाची हाक आली, "बारके!" लहानपणानंतर त्या आवाजात त्याने तिला कधी हाक मारली नव्हती.

ती धावली. दादाने आपलं जुनं वेल्डिंगचं मशीन ओढून लावलं होतं आणि अंदाजाने, बोटाने जागा चाचपून, टाका मारला होता. गाडीतल्या सतरंजीने पेट घेतला होता. तिने आधी भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. हातात तो कोट तसाच होता. तोच जाळावर टाकला आणि गुडघ्यांनी दाबून धरला. धूर निघून गेल्यावर बघितलं तर दादा भिंतीला टेकून उभा होता.

"मरायचंय का तुला?" ती ओरडली.

"टाकी काढलीच नाही गं मी," तो म्हणाला. "पेट्रोलची टाकी तशीच आहे मागे. छत्तीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं."

नंतर तीन दिवस तो शेडकडे फिरकला नाही. चौथ्या दिवशी ताईने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "मला शिकव."

"तुला? अगं, ती काय सुई आहे?"

"हात बसलेला आहे माझा. डोळेही अजून धड आहेत." बोलून झाल्यावर तिने जीभ चावली. पण दादाने ते मनाला लावून घेतलं नाही. तो कपाचा कान चाचपत म्हणाला, "मी सांगीन तसंच करायचं. एक गोष्ट इकडची तिकडे नाही."

पहिले पंधरा दिवस त्याने तिला वेल्डिंगचा रॉड धरूच दिला नाही. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावून आधी बॅटरी काढली, मग टाकी. टाकीत थेंबभर पेट्रोल नव्हतं, म्हणून मेकॅनिक म्हणाला, राहू द्या की. दादा भडकला. "रिकामी म्हणूनच भीती. आत वाफ कोंडलेली असते. काढ आणि पार मागच्या भिंतीपलीकडे ठेव." मग सीटा, सतरंज्या, दारांचे रबर, खालचा डांबरासारखा थर, जे जे पेटू शकतं ते सगळं बाहेर. पत्रा घासून रंग उतरवायचा, चकचकीत होईपर्यंत. जस्ताचा मुलामा दिसला तर तोही घासायचा, कारण त्याचा धूर छातीत बसतो आणि ताप आणतो. शेडची दोन्ही दारं उघडी. एक बादली पाणी, एक बादली वाळू, आणि हाताशी मेन स्विच.

"आणि हे काय घातलंयस?" एक दिवस तिच्या बाहीला हात लावून त्याने विचारलं.

"गाऊन. रोजचाच."

"पॉलिस्टर आहे. ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटेल. जाड सुती पाहिजे."

मग तिने स्वतःसाठी जाड कॅनव्हासचा लांब कोट शिवला. आयुष्यात पहिल्यांदा तिने स्वतःचं माप नीट घेतलं. दादाने तो बोटांनी तपासला आणि बाहीची दुमड उसवायला लावली. दुमडीत ठिणगी जाऊन बसते. खिसेही काढायला लावले. "इतकी साधी शिलाई मी शिकाऊ असतानाही केली नव्हती," ती कुरकुरली. चामड्याचे हातमोजे त्याचेच होते. तिच्या हातांना ते एवढे मोठे पडत की आत लोकरीचे मोजे घालावे लागले. डोक्यावरचा मुखवटा मात्र नवा आणला, काळ्या काचेचा.

रॉड हातात आला आणि पहिल्याच टाक्याला पत्र्याला रुपयाएवढं भोक पडलं.

"जळलं," दादा खुर्चीतून म्हणाला. तो लांब, पाठ करून बसलेला असे. बघायचं नव्हतंच, तो ऐकायचा. "फट्‌ असा आवाज आला म्हणजे भोक. करंट कमी कर. पातळ पत्रा आहे, एका जागी रेंगाळलीस तर चिडतो. इथे एक टाका, मग वीतभर सोडून दुसरा. पहिला निवेपर्यंत तिकडे बघायचं नाही."

"म्हणजे कच्चे टाके घालायचे."

"हां, तेच. आधी कच्चे, मग भरत यायचं."

महिनाभर ती डब्यांच्या पत्र्यावर टाके घालत राहिली. वरची काळी खपली हातोडीने उडवायची आणि तुकडा दादाच्या हातात द्यायचा. तो अंगठा फिरवायचा. "इथे भीती वाटली तुला. इथे कंटाळा आला. इथे बरं आहे." एके दिवशी त्याने अंगठा दोनदा फिरवला. तुकडा खिशात टाकला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गाडीला हात घातला.

काम संपलं की अर्धा तास तिथेच बसून राहायचं, हाही त्याचाच नियम. आग लगेच लागत नाही, आत कुठेतरी धुमसत राहते, माणूस घरी गेल्यावर वर येते. त्या अर्ध्या तासात दोघं बोलायची. वडील गाडी चालवताना दाताखाली काडी कशी धरायचे, मागच्या सीटवर खिडकीसाठी कोण किती रडायचं. वेल्डिंगच्या उजेडाने डोळे चुरचुरले की वहिनी त्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवायची तेही त्याने तेव्हाच सांगितलं. "रोज म्हणायची, काच लावत जा. मी म्हणायचो, आधी बटाटा दे."

पावसाळा संपेतो डावीकडचा पत्रा पुरा झाला. ताईचा हात सुटला होता, आणि हात सुटला की माणूस जरा सैल होतो. एका दुपारी उजव्या बाजूला एक अवघड कोपरा आला. मुखवटा खाली घेतला की काळोख, आणि रॉडचं टोक नेमकं जागेवर बसेना. तिने मुखवटा वर ठेवला, डोळे मिटले आणि टाका मारला. मग आणखी तीन.

दिवेलागणीला डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं. तासाभरात तिला पापणी उघडवेना. ती नळाखाली तोंड धरून उभी होती, तेव्हा मागे दादाची चाहूल लागली.

"काच नव्हती घेतलीस?"

तिने नळाखालून तोंड काढलं नाही. दादा तिथेच, ओल्या फरशीवर, खाली बसला. आणि रडायला लागला. वडील गेले तेव्हा तो रडला नव्हता, वहिनीच्या वेळीही चारचौघांत नाही.

डॉक्टरने थेंब दिले, दोन दिवस डोळे बांधायला सांगितले. बरं होईल म्हणाला, आणि झालंही. त्या दोन दिवसांत पट्टी बांधून ती पडून होती आणि दादा उशाशी बसून होता. घरात बघणारं असं कुणी नव्हतं.

"भंगारात देऊन टाक ती गाडी," तो म्हणाला.

"चूक माझी होती, दादा. एकदाच झाली."

"माझीही एकदाच व्हायची. रोज एकदा." मग म्हणाला, "तुला एक सांगायचंय. कारखान्यात आमच्याकडे एक जण नवीन लागला होता. मुखवटा घातल्याशिवाय एक टाका मारायचा नाही. मी सगळ्यांदेखत म्हणालो, काय रे, नवरी आहेस का, तोंड झाकून बसतोस ती? सगळी शेड हसली. दुसऱ्या दिवसापासून त्याने काच सोडली."

"मग?"

"माझ्याआधी चार वर्षं त्याचे डोळे गेले. त्याला कडेचंही दिसत नाही."

तिने हात पुढे केला, तो त्याच्या गुडघ्याला लागला.

"जाऊ का त्याच्याकडे?" त्याने विचारलं. "त्याचे डोळे गेल्यापासून मनात आहे. जाऊन काय बोलणार, म्हणून राहून जातं."

"जाऊ की," ती म्हणाली. "गाडी होऊ दे. गाडीतूनच जाऊ दोघं."

त्याला धीर यावा म्हणून तिने ते म्हटलं. गाडी भंगारात जाऊ नये, हेही त्यात होतं. दादा "बरं" म्हणाला.

ऐन थंडीत, एका सकाळी, ती त्याच्या खुर्चीजवळ चहा ठेवून आत गेली. एका ब्लाउजच्या दुसऱ्या बाहीचा काखेचा जोड संपवून बाहेर आली तेव्हा चहा तसाच होता, वर साय धरलेली. दादा मान खाली घालून बसला होता. तिने दोनदा हाक मारली. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाला. त्रास झाला नसेल. त्याच्या सदऱ्याच्या खिशात पत्र्याचा तो छोटा तुकडा होता.

लोक येऊन गेले. आठवड्याने, गर्दी ओसरल्यावर, एक माणूस आला. काळा चष्मा, मुलीच्या खांद्यावर हात. कारखान्यातला म्हणाला, आणि ताईला न सांगताच कळलं. तिने त्याला खुर्ची दिली. तो दादाबद्दल बोलत राहिला. जोड काय घालायचा, हात काय होता, दुसऱ्याचं बिघडलेलं काम न बोलता कसं नीट करून द्यायचा. ताई ऐकत होती. शेवटी तिला राहवेना. तिने ते सगळं सांगितलं. नवरीचं, शेड हसल्याचं, दादा रडल्याचं.

त्या माणसाने आठवायचा खूप प्रयत्न केला.

"नाही हो आठवत," तो म्हणाला. "असं म्हणाला होता? असेल. तिथे कोण कुणाला काय नाही म्हणायचं. काच मी उकाड्याने सोडली. आत घाम यायचा, दिसायचं नाही." मग जरा वेळाने, "हे घेऊन बसला होता तो? आला असता तर एका शब्दात सांगितलं असतं. पाच बस-थांब्यांवर तर राहतो मी."

मुलगी त्याला हाताला धरून घेऊन गेली. ताई दारातच उभी राहिली. पाच थांबे. पंधरा मिनिटं. त्या दिवशी पट्टी सोडल्यावर दादाचा हात धरून बसमध्ये बसायचं होतं, बस्स. हे तिने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कुणी म्हणेल, तुला तरी काय माहीत होतं. ते तिलाही माहीत आहे.

उजव्या बाजूची दाराखालची पट्टी राहिली होती. ती तिने एकटीने केली, नऊ दिवस लागले. बॅटरी नाही, टाकी नाही, दोन बादल्या, दोन्ही दारं उघडी. काम झाल्यावर अर्धा तास ती तिथेच बसायची. बोलायला कुणी नव्हतं, म्हणून त्या वेळात ती आपल्या कॅनव्हासच्या कोटाला पडलेली भोकं रफू करायची. जोड कसा आलाय ते तिचं तिलाच अंगठा फिरवून बघावं लागे. काही ठिकाणी काढून परत केला.

उन्हाळ्यात मेकॅनिकने इंजिन दुरुस्त करून जागेवर बसवलं, टाकी धुऊन लावली. गाडी पहिल्याच दिवशी सुरू झाली. गल्लीतली माणसं जमली, टाळ्याही वाजल्या. ताई मेकॅनिकशेजारी पुढच्या सीटवर बसली. चौकापर्यंत गेली. तिथला बस-थांबा दिसला तशी तिने मेकॅनिकला थांबवायला सांगितलं, उतरली आणि चालत घरी आली. मेकॅनिकने विचारलं, काही बिघडलं का? "नाही रे, छान चालते," ती म्हणाली.

आता गल्लीतले लोक कपड्यांबरोबर मोडक्या खुर्च्या आणि फाटकांच्या बिजागऱ्याही आणतात. ती करून देते. उभं राहून बघणाऱ्याला आधी पाठ फिरवायला लावते. कुणी हसलं की त्याची खुर्ची तशीच परत देते.

गाडी फारशी निघत नाही. बॅटरी उतरू नये म्हणून मेकॅनिक दर आठवड्याला येतो, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतो आणि बंद करून किल्ली खिडकीतून आत देतो. ती किल्ली घेते, कापायच्या टेबलावर ठेवते आणि पुढचं कापड ओढून घेते.