आबा पाण्यातून वर येईनात

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी पिंपळनेरहून टांझानियाला नेलं ते सिंह दाखवायला. जीपच्या अगदी जवळ सिंह पसरला होता. आबा म्हणाले, "हाऊ ते झोपेल शे. चाल पुढे." हत्ती-जिराफांकडेही त्यांनी धड पाहिलं नाही. मी वैतागून बोलणंच सोडलं.

शेवटी झांझिबारला होडीतून प्रवाळ बघायला गेलो. विहिरीत पोहायला शिकलेले आबा मास्क आणि श्वासाची नळी लावून बेधडक उतरले आणि वर येईनात. होडीवाला हाका मारून थकला, बाकीचे प्रवासी माझ्यावर चिडले. मी पोहत जाऊन त्यांचा दंड धरला. तोंडातली नळी काढून ते माझ्यावरच ओरडले, "कितला मासा शेतस आठे! तू जाय." आणि मासे बघायला पुन्हा डोकं पाण्यात. मी होडीत परतून सगळ्यांची माफी मागत बसलो.