भूदासाचा झगा

"हा तू घाल गं. तुला शोभेल."

असं म्हणून मेधाताईंनी गोणपाटासारखा खरखरीत झगा माझ्या अंगावर टाकला. आमच्या मराठी मंडळाची सहल तासाभरावरच्या एका जुन्या किल्ल्यात गेली होती. मध्ययुगातला समाज समजावा म्हणून गाईडबाईने कपडे दिले होते. राजाचे, बिशपचे, सरदाराचे, भूदासाचे. वाटप मेधाताईंकडे. मंडळात सगळं वाटप त्यांच्याकडेच असतं. त्यांचा नवरा राजा. भूदास मी. सगळे फिदीफिदी हसले. माझी नऊ वर्षांची लेक बघत होती.

सुरुवातीला या मेधाताईंचं आणि माझं छान होतं. नवऱ्याच्या व्हिसावर इथे परदेशात, डीमन गावी आले तेव्हा मला सायकल त्यांनीच शिकवली. मग एकदा विचारलं, "तुमच्यात लग्न कसं लागतं गं?" मी सांगितलं, बुद्धवंदना घेऊन. "अच्छा," म्हणाल्या. बस्स. त्यानंतर प्रत्येक पॉटलकला, म्हणजे घरोघरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एकच निरोप. "नोकरीने दमतेस गं तू. फक्त पेपर प्लेट आण." मला मेलीला वाटायचं, माया करतात! गेल्या दिवाळीला हट्टाने मटकीची उसळ करून नेली. पातेलं भरलेलं तसंच घरी आलं. फेकताना रडले मी.

गाईडबाई इंग्रजीत सांगत होती. भूदास म्हणजे सर्फ, मालकाच्या जमिनीला बांधलेला. जन्मानेच भूदास. त्याची पोरंही. मालकाला विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही, लग्न करायचं नाही.

"बापरे, किती रानटी लोक!" मेधाताई म्हणाल्या. "आपल्याकडे असं कधी नव्हतं बाई."

डोकं सणकलं माझं. आपल्याकडे म्हणजे कुणाकडे? माझ्या आज्याला गावात चप्पल घालून फिरायची सोय नव्हती!

झगा काढला. त्यांच्या हातात दिला. म्हणाले, "होतं. आणि अजून आहे. तुम्ही माझ्या हातचं खात नाही, मेधाताई."

नवरा माझी बाही ओढत पुटपुटला, "जाऊ दे ना, इथे कशाला?"

मेधाताईंचे डोळे भरून आले. "अगं, गंमत होती! इथे परदेशातही जात काढतेस?"

म्हणजे पाळायची त्यांनी आणि काढली मी! गाईडबाईला काही कळेना. मी तिला इंग्रजीत सगळं सांगितलं. सगळ्यांदेखत.

ट्रेनमध्ये लेकीने विचारलं, "मम्मा, आर वुई सर्फ्स?"

नवरा घाईघाईने म्हणाला, "नो, नो, बेटा."

मी म्हटलं, "आपल्याला तसं ठेवलं होतं. कुणी ठेवलं, तेही सांगते." आणि सांगितलं. आज्यापासून. स्टेशन येईपर्यंत. नवरा खिडकीबाहेर बघत बसला.

आता तो म्हणतो, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सॉरी टाक, नाहीतर एकटे पडू. पडू एकटे. सॉरी मी टाकणार नाही. ग्रुपही सोडणार नाही. मला काढायचं असेल तर मेधाताईंनी काढावं, आणि का काढलं ते सगळ्यांसमोर सांगावं.