खाली घर

भोपाळबाहेरच्या ज्या टेकाडावर आमचं उत्खनन चालू होतं, त्याच्या माथ्यावर एका म्हातारीचं घर होतं. तिचं नाव कुणी विचारलं नाही. सगळे अम्माच म्हणायचे. तिच्या अंगणाखाली लोखंड ठाऊक नसलेल्या माणसांची वस्ती पुरलेली होती. हे तिला समजावायचं काम नेमकं माझ्यावर आलं, आणि इतकी वर्षं भोपाळच्या नेहरू नगरात काढूनही माझं हिंदी पुण्यातून हललेलं नाही.

"अम्मा, खाली घर है," मी अंगणाकडे बोट दाखवून अदबीनं म्हणालो. "बहुत पुराना."

"काहे का खाली? हम रहते हैं इसमें."

हिंदीत खाली म्हणजे रिकामं, हे मला परतताना जीपमध्ये आठवलं. पण तोवर तिच्या मनानं घेतलं होतं की हे लोक घर रिकामं समजून ताब्यात घेणार. दुसऱ्या दिवसापासून तिनं पुरावे द्यायला सुरुवात केली. मी मान वर केली की ती खोकायची. मोजायचा टेप काढला की आत पातेली वाजायची. दुपारी तर ती एकटीच मोठ्यानं बोलायची आणि आवाज बदलून स्वतःलाच उत्तर द्यायची.

शेवटी तिच्या अंगणालगतच्या खड्ड्यात मातीची चूल निघाली, आत राखेसकट. आम्ही वाकून बघत होतो. ती काठी टेकत आली, परक्याच्या दारात जावं तसा डोक्यावर पदर घेतला आणि बराच वेळ खाली पाहत राहिली.

मग माझ्याकडे वळली.

"देख लिया? कहा था ना, खाली नहीं है."