वामनरावांची पारख

दिवाळीपासून वामनरावांना झांजेची किणकिण ऐकू येत नव्हती. बोलणं यायचं, मृदंग यायचा. झांज वाजवणाऱ्याचे हात मात्र नुसतेच हलताना दिसायचे. ही गोष्ट त्यांनी घरात बायकोला, विमललाही सांगितली नव्हती. आष्टीच्या भजनी मंडळात कर्ण्यांच्या यंत्रापाशी बसून गायकाचा नि वाद्यांचा आवाज जुळवणारे म्हणून गाव त्यांना ओळखत होतं. ते गेलं तर त्यांना विचारतो कोण?

कर्ण्यांची तोंडं लोकांकडे असत, त्यामुळे मागे बसून नीट अंदाज येत नसे. म्हणून छप्पन साली मंडळानं त्यांच्याजवळ ठेवायला स्पीकरची लहान पेटी घ्यायचं ठरवलं. पारख वामनरावांनीच करायची होती.

जालन्याला बद्रीनाथशेठच्या दुकानात दोन पेट्या मांडल्या होत्या. वामनरावांनी घरची भजनाची तबकडी नेली होती. झांज कुठे येते, हे त्यांना पाठ होतं. सगळा भरवसा त्यावरच होता.

पहिली पेटी वाजली. झांजेच्या जागी त्यांनी मान डोलावली. दुसरीलाही डोलावली.

"हीच घ्या. झांज कशी सुटी सुटी येऊन राह्यली!" वामनराव म्हणाले.

मंडळाचे प्रमुख मच्छिंद्रभाऊ पेटीला कान लावून बसले होते.

"हिच्यात? मला तर न्हाई आली बा. पहिलीत बराबर आल्ती."

"भाऊ, रानातला कापूस कानात राह्यला वाटतं!" बद्रीनाथ हसला.

"आसंल. वय झालं आता. वामनराव म्हणत्यात तर बिलकुल आसंल. बांधा हीच."

सुटलो, असं वामनरावांना वाटलं. पण लगेच पुढचा हरिनाम सप्ताह डोळ्यांपुढे आला. ऐकू येत नाही म्हणून ते झांजेचा आवाज चढवत राहणार, लोक कानांवर हात ठेवणार, आणि मच्छिंद्रभाऊ स्वतःचेच कान गेले समजून गप्प बसणार.

बद्रीनाथनं सुतळी ओढली.

"थांबा!" वामनरावांचा आवाज चिरकला. "भाऊ, तुमचे कान चांगले हाईत. पहिलीच घ्या. झांज मलाच ऐकू येत न्हाई."

"मंग मान कशी डोलवली?" मच्छिंद्रभाऊ म्हणाले.

"तबकडी पाठ होती."

बद्रीनाथचं हसू मावळलं. मच्छिंद्रभाऊंनी पहिली पेटी पुढे ओढली, पण नजर वामनरावांवरच होती.

"आन् मंग हिच्यापाशी बसायचं कुणी?" त्यांनी हळूच विचारलं.

सहा महिने वामनराव याच प्रश्नाला भीत होते.

"तुम्ही बसा," म्हणत त्यांनी आपली तबकडी मच्छिंद्रभाऊंच्या हातात दिली.