तळहातावरचा सूर्यास्त

एकवीस जूनला भर दुपारी उज्जैनच्या वेधशाळेतल्या शंकूची सावली नाहीशी होते. यंदाही झाली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारचे म्हातारे गृहस्थ मात्र खिशातल्या पंचांगात सूर्यास्ताची वेळ बघून ती बॉलपेनने तळहातावर लिहीत होते.

"काका, आज सगळ्यात मोठा दिवस!" मी म्हटलं.

"हो. उद्यापासून घटणार," ते म्हणाले. "आमची ही उजेड आहे तोवर मला ओळखते. दिवस बुडाला की माझ्याशी हिंदीत बोलायला लागते. 'भाईसाहब, आप किसके यहाँ आए हैं?' पन्नास वर्षं घरात मराठीच बोललो हो आम्ही. सगळे लाइट लावून बघितले, पण तिला बरोबर कळतं."

काहीतरी धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, "डिसेंबरनंतर वाढतोच की परत."

ते तळहाताकडे बघत राहिले. "दिवस वाढतो," म्हणाले.

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

आता डिसेंबर आहे. इथल्या फ्रीगंज बाजारातून घरी येताना पावणेसहालाच टावर चौकातले दिवे लागलेले दिसतात, आणि मला वाटतं, त्या घरात आता हिंदी सुरू झाली असेल.